पशूंचे परजीवी व कीटकवाहित रोग आणि मानव : खानदेशातील इतिहास

पशूंच्या शरीरात किंवा शरीरावर राहून त्यांच्यावरच उपजीविका करणारे आदिजीव, कृमी व संधिपाद प्राणी यांच्यामुळे होणाऱ्या रोगांना परजीवी रोग म्हणतात. ज्या रोगांचे जंतू एका प्राण्याच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात गोचीड, पिसू, डास, माशी यांसारख्या मध्यस्थांमार्फत जातात त्यांना कीटकवाहित रोग अशी संज्ञा आहे. गोचीड हा शास्त्रदृष्ट्या कीटक नव्हे, तो कोळ्याच्या वर्गातील प्राणी आहे. पण रूढ व्यवहारात त्याचाही समावेश याच संज्ञेत केला जातो. या रोगांपैकी काही केवळ जनावरांपुरते मर्यादित राहतात, काही जनावरांकडून माणसाकडे येतात, तर काहींच्या बाबतीत ही मर्यादा एखाद्या अपवादाने अचानक ओलांडली गेल्याचे आढळून आले आहे. प्रस्तुत नोंदीत खानदेश (जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे) हा प्रदेश मुख्यत्वे डोळ्यांपुढे ठेवून या रोगांच्या इतिहासाचा परामर्श घेतला आहे. जेथे विषय समजण्यास आवश्यक वाटले तेथे महाराष्ट्राच्या अन्य भागांतील व बाहेरील घटनाही दिल्या आहेत.

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर व पश्चिमेस सह्याद्रीची टोके यांमधील तापीचे खोरे म्हणजे खानदेश. गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर, अनेर या उपनद्यांच्या काठची काळी जमीन कापूस व धान्य यांना, तर रावेर-यावल पट्टा केळीला प्रसिद्ध आहे. गुरांच्या बाबतीतही हा प्रदेश वाहतुकीचा आहे. तापीकाठचे खिल्लारी (थिल्लारी) बैल, निमाडकडून येणारी जनावरे, काठेवाडी गुराख्यांचे कळप, साक्रीकडील ठेलारी मेंढपाळांची खांडे, सावदा व धुळे येथील गुरांचे बाजार आणि तापीतीरावरील सारंगखेडे येथे दत्तजयंतीला भरणारा घोडेबाजार या साऱ्यांमुळे दूरदूरच्या प्रदेशांतील जनावरे येथे एकत्र येतात. जनावराबरोबर त्याची गोचीड व त्याच्या रक्तातील जंतूही येतात, हे या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. जंगलपट्ट्यातील तापांची धास्ती तर जुनीच. १८८० च्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही या तापांची दखल घेतलेली आढळते.

अशा प्रदेशातील माणूस, जनावर व पाणी यांच्या निकट संबंधाचे उदाहरण म्हणून जळगावलगतच्या मेहरूणकडे पाहता येईल. मेहरूण हे बोरांच्या एका नामांकित वाणामुळे महाराष्ट्रभर ठाऊक झालेले गाव. आता ते जळगाव शहराचाच भाग झाले आहे. तेथील तलावाचे पाणी पूर्वी शहराला पुरविले जाई. शहर वाढत वाढत गावाला येऊन मिळाले म्हणजे गोठे, उकिरडे, भटकी कुत्री, उंदीर व दाट वस्ती ही सर्व एकाच आवारात येतात. खेड्यात जी अंतरे आपोआप राखली जात ती अशा ठिकाणी राहत नाहीत. खानदेशातील कित्येक जुन्या गावांची स्थिती आज अशीच आहे.

ग्रंथिक सन्निपात (प्लेग) : प्राण्याचा कीटकवाहित रोग माणसाकडे आल्याचे महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वांत भीषण उदाहरण म्हणजे प्लेग. हा मुळात उंदीर व तत्सम कृंतक प्राण्यांचा रोग असून माणूस त्यात योगायोगाने सापडतो. त्याचा जंतू अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँग येथे शोधून काढला. मुंबईतील मांडवी भागात २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी पहिल्या रुग्णाचे निदान केले. पुढील काही महिन्यांत रोगाने मुंबई इलाख्यात हातपाय पसरले. मुंबईतून पळालेल्या लोकांबरोबर तो गेला असे त्या वेळी मानले जाई, ते अंशतः खरेही होते. परंतु धान्याची पोती व कापसाचे गठ्ठे यांतून उंदीर व पिसवा यांचा प्रवास होत होता, याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवर वसलेली भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव ही कापूस व धान्य यांची पेठ-गावे या दृष्टीने रोगाच्या वाटेवरच होती.

सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा संमत केला व त्याच्या आधारे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी, घरांची झडती, रुग्णांचे विलगीकरण, सामानाची जाळपोळ इ. उपाय योजले. पुण्यात या उपायांच्या अंमलबजावणीतून उसळलेला क्षोभ व २२ जून १८९७ रोजी झालेला रँडवरील हल्ला हा सर्वज्ञात इतिहास आहे. येथे नोंदविण्यासारखी गोष्ट एवढीच की, या साऱ्या उपायांचा रोख माणसावर होता. रोगी माणूस हाच रोगाचा उगम, हे त्यामागील गृहीत. उंदीर त्यातून सुटला होता.

गावकऱ्यांचे निरीक्षण मात्र वेगळे होते. ‘उंदीर पडू लागले’ की घर सोडावयाचे, गावाबाहेर रानात झोपड्या घालून राहावयाचे, आणि साथ ओसरल्यावर परत यावयाचे, ही रीत महाराष्ट्रातील खेड्यांत रूढ झाली. ‘गाठीचा ताप’ येण्याआधी उंदीर मरतात हे घरातल्या बाईला दिसत होते, कारण मेलेले उंदीर तिलाच झाडून काढावे लागत. दुर्दैवाने नेमकी हीच कृती धोक्याची होती. मेलेल्या उंदराचे शरीर थंड पडताच त्यावरील पिसवा ते सोडतात व जवळ येणाऱ्या उष्ण शरीराकडे झेप घेतात. घर सोडण्याची रीत शास्त्राने सांगितलेली नव्हती, तरी ती शास्त्रीय होती. आणि त्या काळातील बऱ्याच सरकारी उपायांपेक्षा तिने अधिक जीव वाचविले असावेत असे म्हणण्यास जागा आहे.

पिसवेवरील संशय प्रयोगाने प्रथम सिद्ध केला तो पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने, १८९८ मध्ये कराची येथे. रोगी उंदीर व निरोगी उंदीर जाळीच्या आडपडद्याने वेगळे ठेवूनही, पिसवा असतील तर रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो हे त्याने दाखविले. त्याचे म्हणणे तत्कालीन आयोगाने मानले नाही. पुढे मुंबईत कॅ. ग्लेन लिस्टन यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. १९०३ मध्ये मुंबईच्या प्राणिसंग्रहालयातील गिनीपिग प्लेगने मरू लागले तेव्हा त्यांच्या अंगावर लिस्टन यांना उंदरावरील पिसवा मोठ्या संख्येने सापडल्या. एका चाळीत उंदीर मेल्यानंतर तेथील माणसांच्या अंगावरही त्याच जातीच्या पिसवा आढळल्या. १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत व मुंबईच्या वस्त्यांत केलेल्या प्रयोगांनी हा सिद्धांत निर्विवाद ठरला. झेनोप्सिला किओपिस ही ती पिसू. १९१४ मध्ये बॅकॉट व मार्टिन यांनी तिच्या शरीरातील यंत्रणा उलगडली. जंतूंची वाढ होऊन पिसवेच्या जठराच्या तोंडाशी गुठळी बनते व अन्नमार्ग बंद होतो. त्यामुळे पोटात काही न जाता ती भुकेलीच राहते, पुन्हापुन्हा चावते आणि प्रत्येक वेळी शोषलेले रक्त जंतूंसह जखमेत परत ओकते. कडक उन्हाळ्यात ही गुठळी टिकत नाही व कोरड्या हवेत पिसवाही लवकर मरतात. भुसावळ-जळगावकडील वैशाखाचे ऊन कुप्रसिद्ध आहे. परंतु प्लेगच्या काळात तेच या प्रदेशाचा मोठा आधार होते.

वाल्डेमार हाफकीन यांनी मुंबईत तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात आली आणि १९२५ मध्ये तिला हाफकीन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. लसीने मृत्यू कमी झाले, रोग मात्र हटला नाही. १८९६ नंतरच्या पाव शतकात भारतात एक कोटीच्या आसपास माणसे प्लेगने दगावली. उंदरांची प्रतिकारशक्ती वाढणे, डीडीटीचा वापर, सल्फा औषधे व स्ट्रेप्टोमायसीन यांमुळे पुढे तो ओसरला आणि १९६६ नंतर देशात प्लेगचा रुग्ण आढळला नाही. [→ प्लेग].

यामुळे रोग इतिहासजमा झाला असे सर्वांनी गृहीत धरले. उंदीर व पिसवा यांच्यावरील नियमित देखरेख ढिली पडली. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी उंदीर मेल्याचे व पिसवांचा उपद्रव वाढल्याचे दिसून आले आणि त्यामागोमाग गाठीच्या तापाचे रुग्ण आढळले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोकांनी भीतीपोटी घरे सोडली, साठविलेले धान्य तसेच राहिले व उंदीर माजले, अशी कारणमीमांसा त्या वेळी करण्यात आली. सप्टेंबरमध्ये सुरत येथे फुप्फुसाच्या प्लेगचा उद्रेक होऊन सुमारे ५० माणसे मृत्युमुखी पडली. फुप्फुसाच्या प्लेगाला पिसवेची गरज नसते, खोकल्यातील थेंबांवाटे तो थेट माणसाकडून माणसाकडे जातो. त्यामुळे सुरतेत हाहाकार उडाला व लक्षावधी लोकांनी शहर सोडले. सुरतेच्या यंत्रमागांवर व कापड बाजारात खानदेशातील हजारो कुटुंबे पोटासाठी गेलेली आहेत. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचे, अमळनेर, धरणगाव या मार्गाने जळगाव-भुसावळकडे येणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग हीच त्यांची घरची वाट. १८९७ मध्ये रोग मुंबईकडून येईल ही भीती होती, ९७ वर्षांनी ती सुरतेकडून आली. तथापि टेट्रासायक्लीन वर्गातील औषधे उपलब्ध असल्याने पूर्वीसारखा संहार झाला नाही. हा रोग प्लेगच होता की अन्य काही, यावर तेव्हा बरेच वादंग माजले; पुढील रेण्वीय परीक्षणांनी प्लेगच्या जंतूचे अस्तित्व निश्चित केले.

सर्रा : प्लेगच्या तुलनेत सर्वसामान्य वाचकाला अपरिचित, पण शास्त्राच्या इतिहासात मानाचे स्थान असलेला हा रोग घोडा, उंट, गाय, म्हैस, कुत्रा इत्यादींना होतो. घोड्याला व उंटाला येणारा उतरता-चढता ताप, पायांवर व पोटाखाली येणारी सूज, झपाट्याने होणारा रक्तक्षय आणि खादाडपणे खाऊनही खंगत जाणे ही त्याची लक्षणे. गाई-म्हशींत तो बहुधा सौम्य असतो व जनावर रोग अंगात बाळगून हिंडत राहते. रक्तात वळवळणारा, एका टोकाला चाबकासारखी कशाभिका असलेला ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हा आदिजीव या रोगास कारणीभूत आहे.

ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माइलखान येथे घोडे व उंट यांच्या रक्तात तो प्रथम पाहिला. एखादा ट्रिपॅनोसोमा रोग उत्पन्न करू शकतो याचा हा जगातील पहिला पुरावा होय. वरिष्ठांनी तो मानला नाही. टिमथी लुइस यांना १८७८ मध्ये कलकत्त्यात उंदरांच्या रक्तात असेच जीव आढळले होते व ते उंदरांना निरुपद्रवी होते. तेव्हा घोड्यातील जीवही निरुपद्रवीच असणार, असा तर्क लढविण्यात आला. १८८५ मध्ये जॉन हेन्री स्टील यांनी ब्रह्मदेशातील खेचरांत या रोगाचा अभ्यास करून त्या जीवाला इव्हान्स यांचे नाव दिले. हेच स्टील पुढच्या वर्षी परळ येथे निघालेल्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. १८८९ मध्ये पुण्यात साम्राज्य सूक्ष्मजंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. तेथे आल्फ्रेड लिंगार्ड यांनी हाती घेतलेल्या विषयांत सर्रा प्रमुख होता. १८९३ मध्ये ही प्रयोगशाळा कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली व तिचेच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत रूपांतर झाले. पुण्यातील हा लहानसा अध्याय आता बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. १९०१ मध्ये लेनर्ड रॉजर्स यांनी गोमाशीच्या (टॅबॅनस प्रजाती) दंशाने हा रोग फैलावतो हे दाखविले. आफ्रिकेतील त्सेत्से माशीच्या शरीरात जसा निद्रारोगाचा जंतू वाढतो तसा सर्ऱ्याचा जंतू गोमाशीत वाढत नाही; माशीच्या सोंडेला लागलेले ताजे रक्तच तेवढे दुसऱ्या जनावरापर्यंत पोहोचते. यामुळे पावसाळ्यात व त्यानंतर गोमाश्या वाढल्या असता, जनावरे जेथे दाटीने बांधली जातात अशा बाजारांत व तळांवर रोग फैलावण्याची शक्यता अधिक. सारंगखेड्यासारख्या घोडेबाजारात अनेक राज्यांतील घोडे येत असल्याने रक्ततपासणीला तेथे विशेष महत्त्व आहे. सुरामीन, क्विनापायरामीन ही औषधे वेळीच दिल्यास गुणकारी ठरतात.

हा रोग माणसाला होत नाही, हे जवळजवळ सव्वाशे वर्षे पाठ्यपुस्तकांतील निश्चित विधान होते. त्याला आधारही होता. माणसाच्या रक्तद्रवात ट्रिपॅनोसोमांचा नाश करणारा घटक असतो हे लाव्हरां यांनी १९०२ मध्येच दाखविले होते. हा घटक म्हणजे अपोलिपोप्रोटीन एल-१ हे प्रथिन, असे २००३ मध्ये निश्चित झाले. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, २००४ मध्ये, चंद्रपूर जिल्ह्यातील शिवणी या गावचा एक शेतकरी वारंवार येणाऱ्या तापासाठी नागपूरच्या वैद्यांकडे आला आणि त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा दिसले. भारतात असा मनुष्यरोग अस्तित्वातच नसल्याने प्रथम निदानावरच विश्वास ठेवणे कठीण होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने झालेल्या परीक्षणांत हा जंतू सर्ऱ्याचाच असल्याचे ठरले. सुरामिनाच्या उपचाराने रोगी बरा झाला. त्याच्या रक्ताची अधिक तपासणी केली असता, वर उल्लेखिलेले संरक्षक प्रथिन त्याच्या शरीरात तयारच होत नाही, आई व वडील या दोघांकडून मिळालेल्या त्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष आहेत, असे आढळले. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. गावातील १,८०६ लोकांच्या रक्ताची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी २२·७ टक्के लोकांत या जंतूविरुद्धची प्रतिक्रिया आढळली, पण जंतू कोणाच्याही रक्तात सापडला नाही. याचा अर्थ असा की, गुरांजवळ वावरणाऱ्या पुष्कळ माणसांच्या शरीरात हे जीव शिरत असतात व रक्तच त्यांचा निकाल लावते. एक सदोष जनुक एवढेच काय ते अंतर. उंदरातील ट्रिपॅनोसोमा लेविसी हाही तुरळक प्रमाणात अर्भकांच्या रक्तात सापडला आहे. निरुपद्रवी म्हणून ज्या जीवाचा दाखला देऊन इव्हान्स यांना गप्प करण्यात आले तोच हा जीव.

गोचिडीचे रोग : संधिपाद प्राणी रोग वाहून नेतात हे पशुरोगांच्या क्षेत्रात प्रथम सिद्ध झाले ते गोचिडीच्याच बाबतीत. अमेरिकेतील स्मिथ व किलबोर्न यांनी १८९३ मध्ये गुरांतील तांबड्या लघवीच्या रोगाचा (बॅबेसिया) प्रसार गोचिडीमुळे होतो हे दाखविले. खानदेशातील पशुपालकाला ‘गोचीड ताप’ म्हणून माहीत असलेला रोग थायलेरिया या आदिजीवामुळे होतो. देशी गाई-बैलांना तो फारसा बाधत नसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुधासाठी होल्स्टीन व जर्सी यांच्याशी संकर झाल्यावर संकरित गाई या तापाने पटापट मरू लागल्या आणि कर्ज काढून गाय घेतलेल्या अल्पभूधारकाला त्याचा फटका बसला. संकराच्या कार्यक्रमात दुधाचा विचार जितका झाला तितका गोचिडीचा झाला नाही, हे मान्य करावयास हवे. पुढे ब्युपार्वाक्वोन हे औषध व प्रतिबंधक लस उपलब्ध झाल्याने स्थिती सुधारली.

गुरांतील थायलेरिया माणसाला होत नाही. गोचिडीतून माणसाला येणारे रोग वेगळे आहेत. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली व मागोमाग माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या व्हायरस संशोधन केंद्राने (१९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) त्याचा विषाणू शोधून काढला. हा रोग २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी व २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. खानदेशाच्या दृष्टीने अधिक लक्षात घेण्याजोगा रोग म्हणजे क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप. जानेवारी २०११ मध्ये तो गुजरातेत अहमदाबादनजीक साणंद तालुक्यात प्रथम आढळला. रुग्णावर उपचार करणारा डॉक्टर व परिचारिका यांचाही त्यात बळी गेला. हायलोमा जातीच्या गोचिडी त्याच्या वाहक असून थायलेरिया पसरविणाऱ्या गोचिडीही याच जातीच्या आहेत. विषाणू अंगात असलेले जनावर आजारी दिसत नाही. गोचीड बोटांनी चिरडणे ही गोठ्यातली नित्याची सवय या रोगात प्राणघातक ठरू शकते.

पाण्यातून येणारे परजीवी : तलाव, पाट व डबकी यांत गोगलगाईंच्या काही जाती राहतात व त्यांच्या शरीरात पर्णकृमींची वाढ होते. यकृतातील पर्णकृमी गुरे-मेंढ्यांचे मोठे नुकसान करतो. शिस्टोसोमा नेझेल या गुरांच्या नाकातील शिरांत राहणाऱ्या कृमीचे वर्णन एम्. अनंत नारायण राव यांनी मद्रास येथे १९३३ मध्ये केले. या कृमीने ग्रस्त झालेला बैल घोरल्यासारखा आवाज करीत श्वास घेतो. या कृमींच्या पाण्यात पोहणाऱ्या अवस्था गुरांप्रमाणेच माणसाच्या कातडीतही शिरतात. तेथे त्या मरतात, पण तीव्र खाज व पुरळ मागे ठेवतात. गुरे धुतली जातात त्याच पाण्यात उभे राहून काम करणाऱ्याला ही खाज परिचित असते. तिचा संबंध बैलाच्या घोरण्याशी आहे, हे मात्र त्याला सहसा ठाऊक नसते. माणसाच्या मूत्रमार्गात राहणाऱ्या शिस्टोसोमाचे भारतातील प्रसिद्ध क्षेत्र रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी हे गाव होय. गाडगीळ व शाह यांनी १९५२ मध्ये ते उजेडात आणले.

नारूची कथा याहून वेगळी. पायविहिरी व बारवा यांच्या पाण्यातील सायक्लॉप्स या सूक्ष्म कवचधारी प्राण्यातून नारूचा कृमी माणसाच्या पोटात जाई. सुमारे वर्षभराने पायावर फोड येऊन तो बाहेर पडे व काडीवर गुंडाळीत दिवसेंदिवस ओढून काढावा लागे. पेरणीच्या ऐन दिवसांत कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की घरावर काय प्रसंग ओढवे याची कल्पना जुन्या पिढीला होती. महाराष्ट्र नारूग्रस्त राज्यांपैकी एक होता. पाणी गाळणे, पायविहिरी बंद करणे, हातपंप बसविणे या साध्या उपायांनी रोग हटला. देशातील अखेरचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला व फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. नारू हा केवळ माणसाचा रोग, म्हणूनच तो समूळ नष्ट करता येतो, असे तेव्हा मानले जाई. २०१२ पासून मध्य आफ्रिकेतील चाड देशात तो कुत्र्यांत आढळू लागला आणि पुढे तेथे रोगी कुत्र्यांची संख्या रोगी माणसांहून कितीतरी अधिक झाली. जागतिक निर्मूलन त्यामुळे लांबणीवर पडले आहे.

कुत्रा आणि मेंढी यांच्या साखळीतून येणारा रोग म्हणजे हायडॅटिड पुटी. कुत्र्याच्या आतड्यातील एकायनोकॉकस या चिमुकल्या पट्टकृमीची अंडी त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात व चरताना मेंढीच्या पोटात जातात. तिच्या यकृतात वा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. अशी गाठ असलेले मांस कुत्र्याने खाल्ले की चक्र पूर्ण होते. अंडी माणसाच्या पोटात गेल्यास त्यालाही तशाच गाठी होतात व शस्त्रक्रियेशिवाय बहुधा गत्यंतर राहत नाही. खांडाबरोबर कुत्री बाळगणारे मेंढपाळ व उघड्यावरील कत्तलीच्या जागेभोवतीच्या वस्त्या यांना धोका अधिक. कापलेल्या जनावराची गाठाळलेली यकृते कुत्र्यांपुढे न टाकता पुरणे वा जाळणे एवढे केले तरी ही साखळी तुटते.

चंडिपुरा : नागपूरजवळील चंडिपुरा या गावावरून या विषाणूला नाव पडले, १९६५ मध्ये पुण्याच्या केंद्रातील शास्त्रज्ञांनी तो ज्वराच्या रुग्णांच्या रक्तातून वेगळा केला. पुढे बरीच वर्षे तो दुर्लक्षित राहिला. २००३ मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्र येथे मुलांत मेंदुज्वराची साथ आली. एकट्या आंध्रात ३२९ मुले आजारी होऊन १८३ दगावली, आणि या विषाणूचे खरे रूप कळले. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत मेंदुज्वराच्या साथीत तो पुन्हा प्रकट झाला. वाळूमाशी त्याची वाहक आहे. डासाच्या एक-चतुर्थांश आकाराची ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यात राहते. पाळीव जनावरांच्या रक्तातही या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली आहेत. गोठा घराला जोडूनच बांधण्याची रीत असलेल्या प्रदेशात भिंतींच्या भेगा लिंपणे हे काम म्हणूनच आरोग्यरक्षणाचेही ठरते. हिवतापाच्या डासाबाबत मात्र गोठ्याचा प्रश्न इतका सरळ नाही : ग्रामीण भागातील प्रमुख वाहक ॲनॉफिलिस क्युलिसिफेसिस हा माणसापेक्षा गुरांचे रक्त अधिक पसंत करतो, त्यामुळे गुरे काही अंशी त्याला आपल्याकडे वळवितात, तर काही अंशी त्याची संख्याही वाढवितात.

लंपी चर्मरोग : अगदी अलीकडे खानदेशाचे नाव राज्यभर झाले ते या रोगामुळे. देवीच्या विषाणूंच्या कुलातील एका विषाणूपासून होणारा हा गुरांचा रोग १९२९ मध्ये आफ्रिकेतील आजच्या झँबियात प्रथम वर्णिला गेला व २०१९ मध्ये ओडिशात भारतात प्रथम आढळला. २०२२ च्या मोठ्या साथीत महाराष्ट्रातील पहिली नोंद ४ ऑगस्ट रोजी जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यातल्या चिनावल येथे झाली. चावणाऱ्या माश्या, डास व गोचिडी यांच्यामार्फत तो पसरतो. अंगभर गाठी, ताप, पायांवर सूज ही लक्षणे दिसतात व दूध आटते. सप्टेंबरमध्ये राज्यभर गुरांचे बाजार व शर्यती बंद करण्यात आल्या आणि शेळ्यांच्या देवीवरील लस मोठ्या प्रमाणावर टोचण्यात आली. हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र व भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था यांनी या रोगासाठी स्वतंत्र लसही त्याच वर्षी तयार केली.

हा रोग माणसाला होत नाही. तरीसुद्धा ‘गाठी’ हा शब्द कानी पडताच लोकांनी दूध घेणे कमी केले व गुरे असलेल्या घरांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. दूध उकळून वापरण्यास हरकत नाही, असे पशुसंवर्धन खात्याला वारंवार जाहीर करावे लागले. ज्या प्रदेशात प्लेगच्या गाठींची आठवण तीन-चार पिढ्या सांगितली गेली, तेथे हे भय अनाकलनीय नव्हते. पण त्याची किंमत चुकती केली ती एक-दोन जनावरांवर संसार चालविणाऱ्या पशुपालकांनी. पोळ्याच्या सणाला बैल मिरविण्यावरही त्या वर्षी अनेक गावांत बंधने आली. २०२३ च्या पावसाळ्यात रोग राज्यात पुन्हा आढळला व लसीकरण चालूच ठेवावे लागले.